नंबर वाचता आला पाहिजे

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यानमालेत आजवर इथे संत साहित्यावर बोलणं झालं, होळकरांच्या इतिहासावर झालं, नाट्यसंगीतावर झालं. यंदा कार्यकारिणीने आम्हाला सांगितलं की रोजच्या उपयोगाचं काहीतरी बोला. म्हणून विषय घेतला तो गाडीच्या नंबर प्लेटचा. आधीच सांगून टाकतो, आम्ही राज्य शासनाच्या एका तांत्रिक खात्यात नोकरीला आहोत, शिक्षण डिप्लोमाचं, आणि आमचा आरटीओशी काहीही संबंध नाही. तेव्हा कार्यक्रम संपल्यावर लायसन्सची कामं घेऊन कुणी आमच्याकडे येऊ नये! आणि जे बोलू ते आमचं स्वतःचं मत, शासनाचं नव्हे.

आमच्या खात्यात कुठलंही काम काढायचं म्हणजे आधी व्यवहार्यता अहवाल करावा लागतो. गरज काय, सध्या काय आहे, पर्याय कोणते, खर्च किती, आणि करून बघायचं तर कसं. आज त्याच क्रमाने जाऊ. प्रश्न एकच आहे: रस्त्यावर चालणाऱ्या साध्या माणसाला गाडीचा नंबर आत्ताच्यापेक्षा सहज ओळखता येईल अशी प्लेट करता येईल का?

पहिली गोष्ट गरजेची. दोन-तीन वर्षांपूर्वीची घटना आहे. आमच्या भागातले एक काका सकाळी फिरायला निघाले होते. मागून आलेल्या मोटरसायकलने धक्का दिला आणि ती निघून गेली. काकांचं खुब्याचं हाड मोडलं. बघणारे तिघं होते: एक दूधवाला, एक पोह्यांचा ठेला लावणारा आणि शाळेला निघालेली एक मुलगी. तिघांनी तीन नंबर सांगितले. एकाला शेवटचे दोन आकडे आठवत होते, एकाला नुसतं ‘एमपी ०९’, आणि मुलीने चार आकडे सांगितले पण मधली अक्षरं तिला बी की डी हे सांगता येईना. पोलिसांच्या कागदावर शब्द आले, ‘अज्ञात वाहन’.

या दोन शब्दांची किंमत काय असते ते ऐका. गाडीचा नंबर माहीत असेल तर त्या गाडीचा विमा असतो, आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे जाता येतं. तिथे जखमीचं वय, कमाई, उपचारांचा खर्च, घरात अवलंबून किती जण आहेत, हे सगळं बघून भरपाई ठरते. गाडी अज्ञात असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खाली ठरलेली रक्कम मिळते. १ एप्रिल २०२२ पासून ती मृत्यूसाठी २ लाख रुपये आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये आहे. त्याआधी ती २५ हजार आणि साडेबारा हजार होती. कमावता माणूस गेला असेल तर त्या घराच्या बाबतीत २ लाख आणि न्यायाधिकरणाची भरपाई यांत किती अंतर पडतं, हे आम्ही सांगायला नको. ते अंतर कुणी तरी दीड सेकंदात नंबर वाचू शकलं की नाही यावर ठरतं.

दीड सेकंद हे आम्ही उगाच म्हणत नाही. हिशेब करून बघू.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ६ मीटरवरचा तक्ता असतो. त्यातली ६/६ ची ओळ ज्याला वाचता येते त्याची नजर चांगली म्हणतात. त्या ओळीतलं अक्षर साधारण पावणेनऊ मिलिमीटर उंच असतं. म्हणजे ठोकताळा असा: चांगल्या नजरेला दर मीटर अंतरामागे सुमारे दीड मिलिमीटर उंचीचं अक्षर लागतं, नेमकं सांगायचं तर १.४५. आता आपले नियम बघा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे आहेत. त्यातल्या नियम ५१ मध्ये अक्षरांचे आकार दिलेत. मोटारीसाठी उंची ६५ मिलिमीटर. मोटरसायकलच्या मागच्या प्लेटवर अक्षरं ३५ आणि आकडे ४० मिलिमीटर. पुढच्या प्लेटवर ३० मिलिमीटर. आणि ७० सीसीपेक्षा लहान इंजिनाच्या दुचाकीला पुढे फक्त १५.

भागाकार केला की उत्तर मिळतं. मोटारीचा नंबर चांगल्या नजरेला सुमारे ४५ मीटरपर्यंत दिसेल. मोटरसायकलचे मागचे आकडे साडेसत्तावीस मीटरपर्यंत, अक्षरं २४ मीटरपर्यंत. त्याच्या पुढे नाही. धक्का देऊन पळणारी मोटरसायकल ताशी ६० किलोमीटरने जात असेल तर सेकंदाला साडेसोळा मीटरपेक्षा जास्त कापते. आपण भानावर येऊन मान वळवेपर्यंत ती ५ मीटर पुढे गेली असं धरा. राहिले साडेबावीस मीटर. म्हणजे १.३५ सेकंद. हेसुद्धा लख्ख उजेडात, प्लेट स्वच्छ असताना, नजर उत्तम असताना, आणि मन शांत असताना. ज्याच्यासमोर माणूस पडलाय त्याचं मन शांत कसं असणार?

आता एक गंमत सांगतो. आपल्यापैकी ज्यांच्याकडे लायसन्स आहे त्या सगळ्यांनी एक फॉर्म भरलेला आहे, फॉर्म क्रमांक १. त्यात शारीरिक तंदुरुस्तीच्या घोषणेत एक प्रश्न असतो. चांगल्या दिवसाच्या उजेडात, २५ मीटर अंतरावरून, लागत असेल तर चष्मा लावून, मोटारीची नंबर प्लेट तुम्हाला ओळखता येते का? आपण सगळ्यांनी तिथे ‘हो’ लिहिलंय. किती जणांनी २५ मीटर मोजून बघितलं होतं? ब्रिटनमध्ये हीच अट २० मीटरची आहे, पण तिथे ड्रायव्हिंग टेस्टला गेलं की गाडीत बसण्याआधी परीक्षक खरोखर समोरच्या एका गाडीचा नंबर वाचायला लावतो. वाचता आला नाही तर टेस्ट तिथेच संपते.

आमचं म्हणणं एवढंच आहे. कायदा नंबर प्लेट लावून आपल्या डोळ्यांची परीक्षा घेतो, तर आपले डोळे लावून नंबर प्लेटचीही परीक्षा कुणी तरी घ्यायला हवी.

दुसरा मुद्दा, सध्या काय आहे. नवी हाय सिक्युरिटी प्लेट आपण सगळे ओळखतो. तिचा नियम २००१ मध्ये आला, पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना ती कंपनीकडूनच लागून येते. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, डावीकडे वर २० बाय २० मिलिमीटरचा चक्राचा होलोग्राम, खाली लेसरने कोरलेला १० अंकी क्रमांक, आणि मागच्या बाजूला एकदा बसवलं की न निघणारं लॉक. चोरी आणि बनावट प्लेट थांबवायची हा तिचा मुख्य हेतू. त्यात एक मोठा फायदा झाला तो म्हणजे अक्षरांचं वळण एकसारखं झालं. त्याआधी काय काय चालायचं ते या सभागृहातल्या तरुण मंडळींना चांगलं ठाऊक आहे. ८०५५ चे इंग्रजी आकडे असे वाकवायचे की ‘बॉस’ वाचावं. ४१४१ चा ‘दादा’ आणि २१४ चा ‘राम’ करायचा. हसू नका, यातले एक-दोन आत्ता बाहेर पार्किंगमध्ये उभे असतील.

देवनागरीवर आपलं प्रेम आहे, आमचंही आहे. पण नियम स्पष्ट सांगतो, अक्षरं इंग्रजी आणि आकडे आंतरराष्ट्रीय. इंदूरमध्ये राहून आपल्याला याचं कारण चटकन पटायला हवं. एबी रोडवर महाराष्ट्रातली गाडी येते, राजस्थानातली येते, गुजरातची येते. मराठीतला ५, ८ आणि ९ एका वळणाचा, जुन्या हिंदी छपाईतला दुसऱ्या वळणाचा. आणि आपल्याच घरातली नवी पिढी, इंग्रजी शाळेत शिकलेली, देवनागरी ‘६’ आणि ‘९’ समोर आले की थांबते. प्लेट ही मिरवायची पाटी नाही, ती तिसऱ्या माणसाला वाचता यावी म्हणून असते.

मात्र हाय सिक्युरिटी प्लेटनेही अक्षरांच्या उंचीचा प्रश्न सुटला नाही. मोटरसायकलची प्लेट २०० बाय १०० मिलिमीटरची. वरच्या ओळीत ३५, खालच्या ओळीत ४०, बेरीज ७५. उरले २५ मिलिमीटर. त्यात वरचा, मधला आणि खालचा मोकळा भाग. अक्षर मोठं करायला जागाच नाही.

तिसरा मुद्दा, नंबर लक्षात कसा राहतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये एक प्रसिद्ध निबंध लिहिला. माणसाच्या तात्पुरत्या स्मरणात एका वेळी साधारण सात गोष्टी मावतात, दोन कमी किंवा दोन जास्त, असं त्यांनी मांडलं. आपल्या प्लेटवर राज्याची दोन अक्षरं, कार्यालयाचे दोन आकडे, मालिकेची दोन अक्षरं आणि शेवटचे चार आकडे, असे दहा घटक असतात. इंदूरच्या माणसाला ‘एमपी ०९’ पाठच असतं, म्हणून त्याला सहाच लक्षात ठेवावे लागतात. पण गाडी बाहेरची असली की दहाच्या दहा.

त्यात आपली भाषा. आपण चार आकडे दोन जोड्यांत लक्षात ठेवतो, ‘अठ्ठेचाळीस बावन्न’ असे. ही सवय चांगली आहे, चाराचे दोन होतात. पण सांगताना गडबड होते. आपण घरात मराठी, चौराह्यावर हिंदी. हिंदीत ५९ उनसठ, ६९ उनहत्तर, ७९ उन्यासी आणि ८९ नवासी. मराठीत एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद. फोनवर ऐकणाऱ्याने ‘उन्यासी’चं ‘नवासी’ लिहिलं की गाडी बदलली. इंग्रजी अक्षरांचंही तसंच. बी, डी, पी, टी, सी, जी सगळ्यांचा शेवट एकाच सुरात होतो.

आता पर्याय. इतर देशांनी काय केलं ते थोडक्यात सांगतो.

जर्मनीत जुन्या वळणात थोड्याशा काळ्या रंगाने ३ चा ८ आणि पी चा आर करता येत असे. तिथे कार्लगेओर्ग होफर यांनी असं नवं वळण तयार केलं की एका अक्षराचं दुसरं करताच येऊ नये. गीसेन विद्यापीठात ते नीट वाचता येतं का याच्या चाचण्या झाल्या, आणि नोव्हेंबर २००० पासून नव्या प्लेटला ते सक्तीचं झालं. ब्रिटनने सप्टेंबर २००१ पासून एकच वळण ठरवलं, उंची ७९ मिलिमीटर. स्पेनने २००० मध्ये चार आकडे आणि तीन अक्षरं अशी सोपी रचना घेतली आणि त्यातून सगळे स्वर काढून टाकले, म्हणजे प्लेटवर भलता शब्द तयार होणार नाही. जपानमध्ये तर शेवटचे चार आकडे बाकी मजकुराच्या मानाने खूप मोठे असतात आणि मध्ये आडवी रेघ देऊन त्यांच्या दोन जोड्या पाडतात. आपली ‘अठ्ठेचाळीस बावन्न’ची सवयच म्हणा ना. जपानी अक्षरांपैकी जे दुसऱ्यासारखं दिसतं ते त्यांनी वगळलंय, आणि ज्याचा उच्चार ‘मृत्यू’सारखा आहे तेही!

आपल्याकडे यातलं काय जमेल? आम्हाला तीन गोष्टी सुचतात.

पहिली: फसवी अक्षरं मालिकेतून काढणं. इंग्रजी आय आणि ओ आपण आजही सहसा टाळतो, एक आणि शून्याशी गोंधळ होतो म्हणून. त्याच न्यायाने बी आठसारखा दिसतो, डी आणि क्यू शून्यासारखे, एस पाचसारखा, झेड दोनसारखा, जी सहासारखा. ही सहाही काढली तर? लगेच प्रश्न येतो, नंबर पुरतील का? हिशेब सोपा आहे. २४ अक्षरांच्या दोन-दोनच्या जोड्या ५७६ होतात. प्रत्येकीत ९९९९ नंबर. एका कार्यालयाला सुमारे ५७ लाख ५९ हजार नंबर मिळतात. १८ अक्षरं ठेवली तर जोड्या ३२४, आणि नंबर सुमारे ३२ लाख ४० हजार. एका कार्यालयासाठी ही संख्या कमी नाही. आणि खर्च शून्य, कारण जुन्या गाड्यांना हात लावायचाच नाही. पुढची मालिका सुरू करताना ही अक्षरं सोडून द्यायची. कॅमेऱ्याचाही त्रास वाचेल. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांना न केलेल्या गुन्ह्याचं चालान आलं. फोटोतली गाडी दुसऱ्याचीच, बी आणि आठ यांची अदलाबदल झालेली. ते रद्द करून घ्यायला त्यांना दोन रजा खर्च कराव्या लागल्या.

दुसरी: मोटरसायकलच्या मागच्या प्लेटवर जागेची फेरवाटणी. आज नियमाप्रमाणे वरच्या ओळीत राज्य आणि कार्यालय, आणि बाकी सगळं खालच्या ओळीत. मालिकेची दोन अक्षरं वर नेली की खाली फक्त चार आकडे राहतात. वर ३० मिलिमीटर आणि खाली ५०, बेरीज ८०, त्याच १०० मिलिमीटरच्या पत्र्यात बसते. वरची अक्षरं थोडी लहान होतील, हे नुकसान मान्य. पण आकडे साडेसत्तावीसऐवजी साडेचौतीस मीटरपर्यंत दिसतील. पळत्या गाडीच्या हिशेबात जवळजवळ अर्धा सेकंद जास्त मिळेल. याला नियमात बदल लागेल, पण पत्रा तोच आणि साचा तेवढा नवा.

तिसरी गोष्ट जरा धाडसाची आहे: चिन्ह. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत लिहिता-वाचता न येणाऱ्या कोट्यवधी लोकांनी चिन्ह बघून मत दिलं. आजही देतो. मग नंबरच्या बाजूला पतंग, छत्री, मासा असं एखादं चिन्ह का नको? सहा वर्षांचं मूलही ‘छत्रीवाली गाडी’ सांगू शकेल. अमेरिकेतही अशी कल्पना मांडली गेली आहे. पण आमच्या मते ही तिन्हींत सगळ्यात अवघड आहे. चिन्हाला जागा द्यायची तर आकडे लहान करावे लागतील, संगणकाच्या सगळ्या नोंदींत नवा रकाना लागेल, आणि कुठलं चिन्ह कुठल्या पक्षाचं यावरून वाद होतील ते वेगळेच. म्हणून तिला शेवटचा क्रमांक.

आता चाचणी. यापैकी काय खरंच उपयोगी पडेल हे खुर्चीत बसून ठरत नाही. आमचा मंडळाला प्रस्ताव आहे. उत्सवातल्या एखाद्या रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर हे करून बघू. खऱ्या मापाच्या पुठ्ठ्याच्या प्लेट करायच्या, आजच्या पद्धतीच्या आणि आत्ता सांगितलेल्या प्रत्येक पद्धतीच्या. १०, १५, २० आणि २५ मीटरवर चुन्याच्या रेघा मारायच्या. प्लेट दोन सेकंद दाखवायची, एक मिनिट गप्पा मारायच्या, मग नंबर लिहायला सांगायचा. शाळकरी मुलं, गृहिणी, ज्येष्ठ नागरिक, सगळ्यांना घ्यायचं. संध्याकाळी रस्त्याच्या दिव्याखाली पुन्हा एकदा. चित्रकला स्पर्धेइतकाही खर्च येणार नाही. आणि जो तक्ता तयार होईल तो फुकट जाणार नाही. मोटार वाहन नियमांत बदल करायचा असला की केंद्र सरकारला आधी मसुदा प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. त्या वेळी आपल्या मंडळाच्या लेटरहेडवर, मोजमापासकट, सूचना गेली पाहिजे.

तोवर आपल्या हातात काय आहे? चार गोष्टी सांगतो आणि थांबतो.

एक, धडक देऊन गाडी पळाली तर सगळा नंबर वाचायची धडपड करू नका. आधी शेवटचे चार आकडे पकडा, मग गाडीचा रंग आणि मॉडेल. चार आकडे पक्के असतील आणि दोन्ही अक्षरं हुकली तरी त्या कार्यालयात अशा गाड्या जास्तीत जास्त ५७६. त्यात रंग आणि मॉडेल लावलं की मोजक्याच उरतात. एक जरी अक्षर पक्कं असेल तर ५७६ चे २४ होतात. त्यामुळे ‘अर्धवट आठवतंय, कशाला सांगू’ असं म्हणून घरी जाऊ नका. अर्धवट सांगा, पण जे नक्की दिसलं तेवढंच सांगा.

दोन, सांगताना आकडे सुटे सांगा. ‘आठ, नऊ, सात, नऊ.’ अक्षर सांगताना ‘बी बॉम्बेचा, डी दिल्लीचा’ असं सांगा.

तीन, मोबाइल हातात असेल तर फोटो काढा, नसेल तर मोठ्याने नंबर म्हणत राहा. आजूबाजूच्या दुसऱ्याच्या कानात तो राहतो.

चार, हे खास आपल्या मंडळासाठी. परवा विसर्जनाची मिरवणूक आहे. पुढे दसरा आहे, गाड्यांना झेंडूच्या माळा पडतील. माळ बंपरवर घाला, हँडलला घाला, आरशाला घाला. नंबर प्लेटवर नको. मिरवणुकीच्या ट्रॅक्टरची आणि ट्रॉलीची प्लेट आरासीच्या कापडाखाली जाते, तीही उघडी राहील हे स्वयंसेवकांनी बघावं. आणि घरी गेल्यावर ओल्या फडक्याने आपल्या गाडीची मागची प्लेट एकदा पुसा. चार महिन्यांच्या पावसाचा चिखल तिच्यावर असेल.